‘फुकट साइटवर १,४०० निकाल आणि पैसे भरून ३८?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

यूजनेट हे इंटरनेटवरचं जुनं चर्चेचं आणि फाइलवाटपाचं जाळं, आणि इंडेक्सर म्हणजे तिथल्या पोस्ट शोधून देणाऱ्या साइट. अशा इंडेक्सरांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “सशुल्क साइटना उगाच वर बसवलंय. डेबियन लिनक्सची डीव्हीडी इमेज शोधली तर फुकट साइटवर १,४०० निकाल, तुमच्या शिफारशीच्या साइटवर ३८. वर पाच हजार दिवसांच्या रिटेन्शनचं (सर्व्हर पोस्ट किती दिवस ठेवतो त्याचं) कौतुक, आणि माझी दोन हजार दिवसांपूर्वीची फाइल ९७ टक्क्यांवर येऊन फेल. तुलना करताना नेमकं काय तपासलं तेही सांगितलेलं नाही. आणि मराठी वाचकाला याचा उपयोग तरी काय?”

तुलनेची पद्धत दिली नाही हा आक्षेप पूर्ण मान्य. ती पुढे देतो. आधी तुमचे दोन आकडे, कारण गल्लत तिथे आहे.

१,४०० आणि ३८ या आकड्यांत एकाच गोष्टीची मोजदाद झालेली असेलच असं नाही. ४ जीबीची इमेज यूजनेटवर टाकताना साधारण ५० एमबीच्या ८० रार फाइली (बांधलेली गाठोडी) होतात. त्यांच्या जोडीला दुरुस्तीच्या आठ-दहा पार२ फाइली आणि एखादी माहितीची फाइल. म्हणजे एका पोस्टमागे नव्वदच्या आसपास फाइली. बिनसर्च किंवा एनझेडबीइंडेक्स या धाटणीच्या साइट सर्व्हरवरून सब्जेक्ट लाइन (पोस्टची शीर्षकाची ओळ) उचलतात आणि जशाच्या तशा शोधायला देतात. एका पोस्टच्या फाइली तिथे एकत्र जुळल्या नाहीत की प्रत्येक फाइलची वेगळी ओळ दिसते. तसं इथे झालं असेल, तर १,४०० भागिले ९० केल्यावर पंधरा-सोळा पोस्टच उरतात. न्यूझनॅब (इंडेक्सर चालवण्याचं सॉफ्टवेअर) पद्धतीचे इंडेक्सर मात्र अख्ख्या पोस्टची एकच नोंद करतात. त्यामुळे तिथले ३८ हे खरोखर ३८ असण्याची शक्यता जास्त. निकालांच्या संख्येवरून कुठलाच इंडेक्सर जोखू नका.

सब्जेक्ट लाइन नीट वाचायला शिकलात तर निम्मं काम होतं. समजा ओळीत आधी [०३/९०], मग अवतरणात फाइलचं नाव, मग ‘वायएन्क’ (फाइल पोस्टमध्ये बसवण्याची पद्धत) आणि शेवटी (१/६७) आहे. चौकटी कंसातला आकडा ९० फाइलींपैकी तिसरी असं सांगतो, आणि साध्या कंसातला या फाइलच्या ६७ तुकड्यांपैकी पहिला. एक तुकडा म्हणजे एक आर्टिकल, साधारण साडेसात लाख बाइटचं. ५० एमबीला ६७ आर्टिकलं, ८० फाइलींना ५,३६०. प्रत्येक आर्टिकलला स्वतःचा मेसेज-आयडी असतो. एनझेडबी फाइल ही या मेसेज-आयडींची एक्सएमएलमधली यादी आहे, प्रत्यक्ष माल तिच्यात काडीचाही नसतो.

फुकट कच्च्या साइटची खरी अडचण निराळी आहे. पोस्ट करणारे आता सर्रास नावं लपवतात. सब्जेक्ट लाइनमध्ये अर्थहीन अक्षरांची माळ, पोस्ट करणाऱ्याचं नावही असंच, कधी तर प्रत्येक फाइलला वेगळं. अशा पोस्टवर नावाने शोध चालणारच नाही, कारण जे नाव तुम्ही टाकता ते सर्व्हरवरच्या ओळीत कुठेच नसतं. खरं नाव पार२ फाइलीच्या पोटात किंवा पोस्ट करणाऱ्याने इंडेक्सरला दिलेल्या एनझेडबीत. सशुल्क साइटला पैसे द्यायचे ते या ओळखीचे. तुम्ही शोधता ते सगळं उघड्या नावाने पोस्ट होत असेल, उदाहरणार्थ लिनक्सच्या इमेज, तर फुकट साइट पुरेशी आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर. (इथली सगळी उदाहरणं मुक्त वाटपाच्या गोष्टींची आहेत. कॉपीराइटचा माल इंडेक्सरवर सापडला म्हणून तो उतरवणं कायदेशीर होत नाही.)

कच्च्या साइटवर शोधताना तीन गोष्टी करून पाहा. नावातले टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर काढून जागी मोकळी जागा ठेवा. काही जमलं नाही तर टिंबांसकट पुन्हा शोधा, कारण शब्द कुठे तोडायचे ते प्रत्येक साइट आपल्या मनाने ठरवते. आकड्याची आवृत्ती पूर्ण लिहा, पण विशेषणं गाळा. दोन-तीन नेमके शब्द सहा शब्दांपेक्षा चांगले. आणि पोस्टची एकच फाइल हाती लागली, बाकीच्या दिसत नाहीत, तर शब्द बदलत बसू नका. पोस्ट करणाऱ्याच्या नावावर क्लिक करा, तोच ग्रुप (यूजनेटचा विषयवार कप्पा) आणि तोच दिवस ठेवा. राहिलेल्या फाइली बहुधा वेगळ्या नावाने शेजारीच पडलेल्या असतात.

आता ९७ टक्क्यांवर फेल झालेली फाइल. इथे दोन वेगळे बिघाड एकत्र धरले जातात, म्हणून चुकीच्या ठिकाणी पैसे जातात.

एक बिघाड यादीतला. इंडेक्सर ज्या सर्व्हरवरून ओळी वाचतो तिथे एखादी ओळ सुटली की एनझेडबीतही तुकडा सुटतो. तपासायला सोपं आहे: एनझेडबी नोटपॅडमध्ये उघडा, एका फाइलचे सेगमेंट, म्हणजे तुकडे, मोजा. सब्जेक्ट म्हणतो ६७ आणि यादीत ६५, तर दोष इंडेक्सरचा. दुसऱ्या इंडेक्सरची एनझेडबी घ्या, बहुधा काम होईल.

दुसरा बिघाड गोदामातला. यादी पूर्ण आहे, पण तुमचा प्रोग्रॅम मेसेज-आयडी देऊन आर्टिकल मागतो आणि सर्व्हर ४३० हा कोड परत करतो. ४३० म्हणजे या आयडीचं आर्टिकल माझ्याकडे नाही. अशा वेळी त्याच पोस्टची यादी दहा इंडेक्सरवरून आणली तरी फरक पडणार नाही, कारण सगळ्या याद्या त्याच आर्टिकलकडे बोट दाखवतात. रिटेन्शनचा आकडा सर्व्हर किती जुनं ठेवतो ते सांगतो, त्या मुदतीतलं प्रत्येक आर्टिकल शाबूत आहे असं नव्हे. तक्रारीवरून काढलेलं आणि मूळ प्रसारात पोचलंच नाही, अशी दोन्ही प्रकारची भोकं असतात.

मग ९७ टक्के येऊनही दुरुस्ती का होत नाही? पार२ आर्टिकलांचा हिशेब करत नाही, ब्लॉकचा करतं. समजा पोस्ट करणाऱ्याने ब्लॉक ३ एमबीचा ठेवला. ५० एमबीच्या रारमध्ये १७ ब्लॉक, ८० रारमध्ये १,३६०. दहा टक्के पार२ म्हणजे दुरुस्तीचे १३६ ब्लॉक. एका ब्लॉकमध्ये चार आर्टिकलं बसतात आणि त्यातलं एक गेलं तरी सबंध ब्लॉक वाया. गहाळ आर्टिकलं विखुरलेली असतील तर ५,३६० पैकी १३७ गेली की खेळ संपला, म्हणजे फक्त अडीच टक्के. सलग १३७ आर्टिकलं गेली असती तर पस्तीस-चाळीस ब्लॉकमध्येच भागलं असतं. म्हणून ‘१० टक्के पार२ आहे, १० टक्क्यांपर्यंत चिंता नाही’ हा समज मोडीत काढा.

यावर उपाय दुसऱ्या बॅकबोनवरचं (आर्टिकलं साठवणाऱ्या मूळ सर्व्हरांच्या संचावरचं) ब्लॉक खातं, म्हणजे महिन्याचं भाडं न भरता ठरावीक जीबी विकत घ्यायचे. बॅकबोन वेगळा आहे याची खात्री आधी करा. बऱ्याच कंपन्या एकाच बॅकबोनचा माल वेगवेगळ्या नावाने विकतात, आणि तिथे दुसरं खातं काढलंत तर तेच ४३० दोनदा ऐकाल. सॅबएनझेडबीडी या डाउनलोडच्या प्रोग्रॅममध्ये मुख्य सर्व्हरची प्रायॉरिटी ०, ब्लॉक खात्याची १ ठेवा (आकडा मोठा म्हणजे पाळी नंतर). मग ब्लॉक फक्त गहाळ तुकड्यांपुरता खर्च होतो.

पोस्टच्या वयाबद्दलही सावध राहा. न्यूझनॅबच्या नोंदीत दोन तारखा असतात: ‘पबडेट’ आणि ‘यूजनेटडेट’. पहिली नोंद साइटवर चढली तेव्हाची, दुसरी आर्टिकल पोस्ट झालं तेव्हाची. साइटने जुने ग्रुप मागे जाऊन वाचले की काल चढलेली नोंद प्रत्यक्षात सात वर्षांपूर्वीची असू शकते. तिथेच ‘पासवर्ड’ हा गुणधर्म पाहा: ० म्हणजे कुलूप नाही, १ म्हणजे रारला पासवर्ड, २ म्हणजे आत आणखी एक पेटी. ० नसेल तर डाउनलोडच्या वाटेला जाऊ नका.

आता राहिलेली पद्धत. तुम्हाला नावानिशी माहीत असलेल्या चार गोष्टी निवडा: एक या आठवड्यातली, एक वर्षभरापूर्वीची, एक दोन हजार दिवसांच्या आसपासची, आणि एक कमी खपाची. चारही दोन्ही इंडेक्सरवर शोधा आणि मिळालेल्या एनझेडबी शेजारी उघडून पहिल्या फाइलच्या पहिल्या सेगमेंटचा मेसेज-आयडी ताडून बघा. आयडी एकच असेल तर ती एकच पोस्ट. दुसऱ्या इंडेक्सरने तुम्हाला नवीन काही दिलं नाही. वेगळा असेल तर ती वेगळी पोस्ट आहे, पहिली मोडकी निघाली तर हिचा आधार मिळतो. चारपैकी किती ठिकाणी आयडी वेगळे आले, हाच दुसऱ्या खात्याला पैसे द्यायचे की नाही याचा निकष. माझ्या लेखात हे कोष्टक हवं होतं.

एपीआयच्या (प्रोग्रॅम साइटला परस्पर विचारतात त्या वाटेच्या) मर्यादेचा हिशेबही करा. सोनार हा मालिका आपोआप शोधणारा प्रोग्रॅम मूळ सेटिंगमध्ये दर १५ मिनिटांनी नवीन नोंदी विचारतो, म्हणजे दिवसाला निदान ९६ हिट्स (विचारणा), तुम्ही काहीही शोधलं नाही तरी. फुकट खात्याचा कोटा त्यातच उडतो आणि मग ‘साइट चालत नाही’ असं वाटतं. प्राउलार किंवा एनझेडबीहायड्रा२ या अनेक इंडेक्सर एकत्र सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक इंडेक्सरची हिट आणि डाउनलोड मर्यादा वेगळी भरता येते. ती भरा. आणि आजीवन सदस्यत्वाच्या मोहात पडू नका. एनझेडबी हा प्रकार ज्या न्यूझबिनने आणला, ती लंडनच्या हायकोर्टात २०१० मध्ये हरली. तिच्या जागी आलेली साइट २०१२ मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एनझेडबीमॅट्रिक्सही. कामाच्या एनझेडबी स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

राहता राहिला मराठी वाचक. यूजनेटवर सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा ग्रुप होता, आणि परदेशातल्या मराठी माणसांची नव्वदच्या दशकातली चर्चा, पाककृती, वाद तिथे आहेत. एनझेडबी इंडेक्सर इथे निरुपयोगी, कारण हे मजकुराचे ग्रुप. जुन्या पोस्टसाठी गूगल ग्रुप्स पाहायचं. गूगलने २००१ मध्ये डेजान्यूज या यूजनेट शोध-साइटचा संग्रह घेतला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजनेटचं नवीन काही येत नाही, पण जुनं शोधता येतं. देवनागरीत शोधलंत तर हात रिकामे राहतील, कारण तेव्हा सगळे रोमनमध्ये लिहीत. ‘पुरणपोळी’ हवी असेल तर एकजोड आणि तोडून दोन्ही लिहा. ‘ण’पुढे जादा ‘ए’ घालून आणि न घालता. शेवटी एक ‘आय’ आणि दोन ‘ई’ असं दोन्ही. आयट्रान्स (देवनागरी रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत) वापरणारे ‘ण’ला मोठा एन आणि ‘ळ’ला मोठा एल लिहीत. लहान-मोठ्या अक्षरांचा शोधात फरक पडत नाही, जादा ‘ए’चा मात्र पडतो. तेवढ्याने न सापडल्यास पदार्थाऐवजी ‘कटाची आमटी’सारखा शेजारचा शब्द घेऊन त्याच चर्चेत शिरा.

तुमच्या अडलेल्या फाइलचा लॉग असेल तर ४३० किती वेळा आला, एनझेडबीत एकूण सेगमेंट किती आणि पार२चे ब्लॉक किती, एवढे तीन आकडे इथेच लिहा. त्यावरून दोष यादीत की गोदामात ते सांगता येईल.