दीड फुटी भिंत आणि दोन किलोचा स्पीकर

गणपती तोंडावर आले की आमच्या बेळगाव-शहापुरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मूळ कुणाचा ते देवाला ठाऊक, पण दरवर्षी नव्या जास्वंदीच्या चित्रासकट हजर. मजकूर थोडक्यात असा : "जुन्या घराची भिंत दीड फूट जाड, म्हणजे किल्लाच. आजोबांनी खुंटीला बैलांचं जू अडकवलं, तिथे तुमच्या दोन किलोच्या स्पीकरची काय कथा? भोक पाडा, प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरणारी नळी) ठोका, सैल वाटली तर पीओपी भरा. वायर लाइटच्या पाइपातूनच ओढा. स्पीकर छताजवळ लावा, आवाज घरभर घुमेल. भोक नको असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आहेच."

मी हे सगळं वाचून, पटवून घेऊन सोप्यात (घराच्या पुढच्या ओसरीत) दोन स्पीकर लावले होते. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना डावा स्पीकर गिट्टी, स्क्रू आणि चार बोटं गिलाव्यासकट खाली आला. भाचा पाटावर बसला होता, वीतभर अंतर राहिलं. तेव्हापासून या मेसेजला उत्तर द्यायचं मनात होतं.

"भिंत दीड फूट जाड." जाड आहे, मान्य. पण त्या जाडीत काय भरलंय? आपल्या भागात जुनी घरं एका जातीची नाहीत. खानापूर, नंदगडकडे लाल जांभा दगड. निपाणी, चिकोडीकडे काळा दगड. आणि आतल्या भिंती बऱ्याच ठिकाणी मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या. दगडी भिंतीतसुद्धा बहुतेकदा आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये कपच्या, मुरूम, माती अशी भरती. ही जाडी छप्पर पेलायला आणि उन्हाळ्यात सोपा गार ठेवायला कामाची. गिट्टीला तिचा उपयोग शून्य, कारण गिट्टी जेमतेम सव्वा-दीड इंच आत जाते. वर्षानुवर्षं गिलाव्यावर गिलावा, सफेदीवर सफेदी चढून तोच थर कित्येक घरांत इंचापेक्षा जास्त झालेला असतो. म्हणजे गिट्टी दगडापर्यंत पोचतच नाही. माझी पोचली नव्हती. खाली पडलेल्या ढेकळात ती अख्खी दिसत होती.

दगड लागला तरी तो कुठला हे बघावं लागतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहून कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात तो पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. कारण तिथे लोक तो विटांसारखा कापून वापरत होते. कापता येतो तसा तो कुसकरतोही. अंगभर छिद्रं. गिट्टीचं काम म्हणजे स्क्रू फिरला की फुगून भोकाच्या कडा दाबायच्या. जांभ्यात त्या कडाच भुरभुरतात. त्यात ड्रिल हातोडीच्या मोडवर ठेवलं की 8 मिमीचं भोक बघता बघता 11-12 मिमीचं लंबुळकं होतं. जांभ्यात आणि जुन्या विटेत ड्रिल नुसतं फिरवायचं. काळ्या दगडाला मात्र हातोडी लागतेच, आणि तिथे नीट बसलेली गिट्टी झकास धरते. मेसेज लिहिणारा बहुधा काळ्या दगडाच्या घरातला असावा.

"आजोबांनी खुंटीला जू अडकवलं." हा मुद्दा ऐकायला सगळ्यात पटणारा आणि म्हणूनच सगळ्यात फसवा. आमच्या घराची मागची भिंत उतरवली तेव्हा मी ती खुंटी बघितली : बाहेर चार इंच, आत चांगली हातभर. भिंत रचतानाच दोन दगडांच्या मध्ये घातलेली, टोक किंचित वर, आणि वर भिंतीचं सगळं वजन बसलेलं. ती उपसायची तर भिंत उचलायला हवी. पन्नास-साठ वर्षांनी बाहेरून ठोकलेली प्लास्टिकची नळी तिची कुणी लागत नाही.

शिवाय जू खुंटीला भिंतीलगत लटकतं. स्पीकर ब्रॅकेटवर पुढे येतो. समजा, 2 किलोचा भार भिंतीपासून 15 सेंमी पुढे आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये 5 सेंमी अंतर आहे. मग वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारा जोर 2 × 15 ÷ 5, म्हणजे 6 किलोच्या वजनाइतका. हाही फार नाही. पण तो रात्रंदिवस चालू असतो, वर ढोल-ताशाच्या गाण्याची थरथर. आणि वडगाव, शहापुरात शेजारी विणकराचा माग असेल तर सामायिक भिंत स्पीकर बंद असतानाही हलत असतेच.

"सैल वाटली तर पीओपी." पीओपी म्हणजे जिप्सम, ओलीत मऊ पडतं. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस सोडा, बेळगावातसुद्धा जुनी भिंत जून ते सप्टेंबर पाणी पिते आणि वाळायला दिवाळी उजाडते. मातीच्या भोकात पीओपीचा गुळगुळीत गोळा बसतो, भिंतीशी एकजीव होत नाही. सिमेंट भरलं तर ते स्वतः घट्ट राहतं, पण आजूबाजूची माती आणि चुना त्याला सोडून देतात. जुनं भोक बुजवायला चुना, वाळू, सुरखी (विटांची भुकटी) हेच बरं, आणि नवं भोक दुसरीकडे.

कुठे, ते भिंत सांगते. बोटाच्या पेराने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलेला. मग 4 मिमीचं बारीक भोक पाडून भुकटी बघा. पांढरी म्हणजे चुना, लाल खरखरीत म्हणजे जांभा, तपकिरी मऊ म्हणजे माती, आणि ड्रिल एकदम आत गेलं तर दोन दगडांमधला सांधा. आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्या गवंडीमामांनी माझं जुनं भोक बघून एवढंच म्हटलं, "सर, ह्यो दगूड न्हवं, सांद हाय. हितं काय धरायचं न्हाई बघा." (गवंडी हा शब्द कन्नडातही चालतो, निदान त्यावरून सीमावाद नाही.) दगडाच्या मध्यावर, कडेपासून दूर, आणि गिलावा सोडून दगडात 4-5 सेंमी जाईल एवढा लांब स्क्रू व गिट्टी, हे माप. एका दगडाचा भरवसा नसेल तर सागवानी फळी चार वेगवेगळ्या दगडांत बसवून स्पीकर फळीला लावा. मातीच्या भिंतीला काहीच टांगू नका.

"वायर लाइटच्या पाइपातून." हे वाचून खरा घाम फुटतो. जुन्या घरातल्या वायरींचं वेष्टण कडक होऊन तडकलेलं असतं. त्याच पाइपात स्पीकरची वायर ओढताना ते खरवडलं की 230 व्होल्ट थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत आणि स्पीकरच्या पट्टीवर. शॉक नाही बसला तरी लाइनची घूं घूं ऐकू येऊ शकते. स्पीकरची वायर वेगळ्या पट्टीतून, लाइटच्या वायरीपासून फूटभर लांब न्यावी. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. 10 मीटरच्या अंतराला दीड चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते. आणि बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावायचं नाही, लपलेली वायर बहुधा तिथूनच जाते. मेन स्विच बंद करून बॅटरीचं ड्रिल वापरलं तर जिवाला घोर नाही.

"छताजवळ लावा." कौलारू घरात छत आहे कुठे? आवाज वाशांत जातो, खाली शब्द कळत नाहीत. कोपऱ्यात तर नुसता घुमारा. बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर, आणि त्याहून उंच लावलाच तर तोंड खाली कललेलं.

टेपबद्दल काय बोलायचं? टेप सफेदीला धरते, सफेदी कुणालाच धरत नाही.

आमचा उजवा स्पीकर आता सोप्याच्या लाकडी खांबावर आहे. आधी बारीक भोक पाडून लाकडी स्क्रूने ब्रॅकेट बसवलं, आणि बारीक स्टीलची तार वेगळ्या हुकाला बांधली, ब्रॅकेट सुटलं तरी स्पीकर लटकून राहील अशी. पावसाळा संपला की स्क्रू एकदा हलवून बघतो. डावा कोनाड्यात ठेवलाय, खाली रबराचे चार तुकडे आणि मागे चार बोटं जागा. तिथली पितळी समई कुठे हलवायची यावर आईचं आणि माझं अजून ठरलेलं नाही.