कोलेस्टेरॉलची गोळी जंतू मारत नाही, मामी

मामा पंधरा दिवस हॉस्पिटलात आहेत. एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग. काल रात्री मामींनी एक मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली विचारलं, ‘हे खरं असेल तर रोज सुया कशाला टोचून घ्यायच्या?’ मेसेज असा: स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेणारे या आजारातून जास्त वाचतात, स्टॅटिन बुरशीपासून बनतं, म्हणजे पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिकच, ताप उतरला की इंजेक्शनं बंद करून ही गोळी पुरते, आणि डॉक्टर हे लपवतात.

ताप उतरल्याचं आधी बघू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. झडपेवर जंतूंचा जो गोळा धरतो त्याला व्हेजिटेशन म्हणतात. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिन आणि प्लेटलेट्सच्या जाळ्यात जंतू दाटीवाटीने बसलेले. पांढऱ्या पेशी आत नीट पोचत नाहीत. आतले बरेच जंतू वाढ थांबवून निपचित पडलेले, आणि पेनिसिलिनसारखी औषधं वाढणाऱ्या जंतूंवरच जोरात चालतात. म्हणून मोठी मात्रा, शिरेतून, बहुधा चार ते सहा आठवडे. ताप बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच उतरतो, जंतू तेव्हा संपलेले नसतात. मध्येच औषध तोडलं तर झडप निकामी होऊ शकते, गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू. आणि हा सल्ला कुणीतरी हात जोडलेल्या इमोजीसकट पाठवतं!

डेन्मार्कमधल्या एका चाचणीत (२०१९) प्रकृती स्थिरावलेल्या रुग्णांना किमान दहा दिवसांच्या इंजेक्शनांनंतर गोळ्यांवर आणलं आणि ते जमलं, हे खरं. पण त्या गोळ्या अँटिबायोटिकच्या होत्या, तेही दोन वेगवेगळ्या.

बुरशीचं अर्धं खरं आहे. अकिरा एन्डो यांना १९७०च्या दशकात पहिलं स्टॅटिन पेनिसिलियम जातीच्या बुरशीतच सापडलं. पण ते यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं. आजची अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन तर पूर्णपणे कारखान्यात घडवलेली. बुरशीचं नातं तिथेच संपलं.

‘जास्त वाचतात’ म्हणण्याला आधार आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत तसं दिसलंय. पण आधीपासून स्टॅटिन घेणारा माणूस बहुधा नियमित तपासणीतला असतो, आणि अत्यवस्थ रुग्णाला मुळात गोळी गिळताच येत नाही. मग वाचवलं कुणी, गोळीने की परिस्थितीने? हे चिठ्ठ्या टाकून गट पाडल्याशिवाय कळत नाही. जंतुसंसर्गाने फुप्फुसं निकामी होऊ लागलेल्या ७४५ रुग्णांवर अमेरिकेत तशी चाचणी झाली, सेल्स नावाची, २०१४ साली छापलेली. रोसुव्हास्टॅटिन गटात ६० दिवसांत २८.५ टक्के दगावले, नुसत्या प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, गटात २४.९. फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली. ते रुग्ण एन्डोकार्डायटिसचे नव्हते, कबूल. पण आशा हीच होती: स्टॅटिन दाह कमी करतं, तर संसर्गातही वाचवेल.

लपवतात म्हणे! सगळं जर्नलांत छापून आलंय.

मामी, मामांची रात्रीची स्टॅटिन जुन्या ब्लॉकेजसाठी आहे, ती मनाने बंद करू नका. फक्त डॉक्टरांनी डॅप्टोमायसिन नावाचं अँटिबायोटिक सुरू केलं तर या गोळीची आठवण करून द्या. दोन्ही औषधं स्नायूंना त्रास देऊ शकतात, त्यामुळे डॉक्टर रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बघतील, कदाचित गोळी काही दिवस थांबवतील. मामांचे पाय-मांड्या दुखायला लागल्या किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर सकाळची वाट न बघता नर्सला सांगा.