‘ऐन वेळी हातपाय गाळणारा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आयर्लंडचा रग्बीपटू जॉनी सेक्स्टन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख म्हणजे ‘भक्तिरसाचा महापूर’ आहे. २०१८ला पॅरिसमध्ये सेक्स्टनने मारलेल्या विजयी ड्रॉप गोल किकआधी ४० नव्हे तर ४१ फेज (चेंडू न गमावता एकामागून एक केलेले हल्ले) झाले होते. पंचांशी हुज्जत घालून ओढवून घेतलेल्या बंदीबद्दल मी गप्प बसलो. आयर्लंड विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत एकदाही गेलेलं नाही. आणि मग हे वाक्य: ‘ऐन वेळी हातपाय गाळणाऱ्या माणसाला महान म्हणायला रग्बीचा चेंडू कधीतरी हातात घेतलेला असावा लागतो.’

आधी चूक कबूल करतो. फेज ४१च होते. मी ४० लिहिलं ते आठवणीतून, पडताळून पाहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता भाषेबद्दल. मी सात वर्षं इथे लिहितोय. वाचकांनी माझे लेख खोडून काढले आहेत आणि मी ते मान्यही केलं आहे. पण ‘महापूर’, ‘भक्ती’, ‘चेंडू हातात घेतलेला असावा लागतो’ ही मुद्दा मांडायची रीत नव्हे. समोरच्याला लेखणी खाली ठेवायला लावायची ही रीत आहे. तुम्हाला रग्बी कळते हे ४१च्या आकड्यावरून दिसतंच. मग ज्याला कळतं त्याने असं बोलावं, याचं जास्त वाईट वाटतं.

उपांत्य फेरीचं म्हणाल तर ते सगळ्या आयर्लंडचं दुखणं आहे. एका माणसाच्या खात्यावर ते मांडता येत नाही. २०१५ला अर्जेंटिनाकडून ४३-२० अशी हार झाली, त्या सामन्यात सेक्स्टन दुखापतीमुळे मैदानावरच नव्हता. तो विषय इथेच सोडतो.

पण ‘ऐन वेळी हातपाय गाळणारा’ हे मी सोडणार नाही.

तुमचा रोख १४ ऑक्टोबर २०२३च्या सामन्यावर आहे. पॅरिसजवळ स्टाद द फ्रान्समध्ये न्यूझीलंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी, सेक्स्टनचं वय ३८, आणि त्याची उत्तरार्धातली तीन गुणांची एक पेनल्टी किक बाहेर गेली. आयर्लंड २८-२४ने हरलं. ती किक जायला हवी होती, तो स्वतःही हेच म्हणेल. पण हिशेब तरी नीट करा. ते तीन गुण धरले तरी २८-२७ होतात. हो, मग शेवटी ट्रायच (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) हवा असं राहिलं नसतं, एखादा ड्रॉप गोलही पुरला असता, आणि ते शेवटचे ३७ फेज वेगळ्या तऱ्हेने खेळले गेले असते. हा मुद्दा तुम्ही मांडला असतात तर मी आनंदाने चर्चा केली असती. तुम्ही तो मांडला नाहीत. तुम्ही शिवी दिलीत.

तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मीच देतो, कारण तो तुमच्या प्रतिक्रियेत नाही. नोव्हेंबर २०१३, डब्लिन, समोर पुन्हा न्यूझीलंड. आयर्लंड २२-१७ने पुढे, शेवटची पाचसहा मिनिटं उरलेली, सेक्स्टनला पेनल्टी मिळाली. ती गेली असती तर आठ गुणांची आघाडी झाली असती. ती गेली नाही. वेळ संपल्यावर न्यूझीलंडने ट्राय केला आणि २४-२२ने सामना नेला. तोवर आयर्लंडने त्यांना एकदाही हरवलेलं नव्हतं. तो विजय अखेर २०१६ला शिकागोत आला, ४०-२९ असा, आणि त्या संघातही सेक्स्टन होता.

या दोन किक बाजूला ठेवा आणि बाकीच्या बघा. मे २००९, क्रोक पार्क, हाइनेकेन कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, आयर्लंडमधलेच दोन संघ, लेन्स्टर विरुद्ध मन्स्टर. स्टेडियममध्ये ८२,२०८ माणसं. लेन्स्टरचा फ्लाय-हाफ (१० नंबरचा, खेळ चालवणारा खेळाडू) फेलिपे कोन्तेपोमी जायबंदी होऊन बाहेर गेला आणि २३ वर्षांच्या सेक्स्टनला आत पाठवलं. समोर रोनन ओगारा, आयर्लंडच्या १० नंबरच्या जर्सीचा तेव्हाचा मालक. आत आल्या आल्या पेनल्टी मारायची होती. पोराने ती मारली. लेन्स्टर २५-६ने जिंकलं आणि पुढे इंग्लंडच्या लेस्टरला १९-१६ हरवून कपही घेऊन आलं.

दोन वर्षांनी कार्डिफमध्ये पुन्हा अंतिम सामना, मध्यंतराला नॉर्थॅम्प्टन २२-६ने पुढे. दुसऱ्या अर्धात लेन्स्टरने एकही गुण दिला नाही आणि ३३-२२ने जिंकलं. त्या ३३ पैकी २८ गुण एकट्या सेक्स्टनचे होते, त्यात दोन ट्राय. हातपाय गाळणारा माणूस १६ गुणांनी मागे असताना कुठे असतो, हे मला सांगाल का?

आणि ३ फेब्रुवारी २०१८. मैदान तेच, स्टाद द फ्रान्स. फ्रान्स १३-१२ने पुढे, घड्याळ संपत आलेलं. सेक्स्टनने आपल्याच २२ मीटरच्या रेषेवरून आखूड किक मारली, ती इयन हेंडरसनने झेलली, आणि तिथून ते सुरू झालं. चेंडू घेतलेला माणूस पाडला जातो, चेंडू मागे येतो, पुन्हा कुणीतरी घुसतो. असं एकेचाळीस वेळा. भर पावसाळी हवा, निसटता चेंडू, एक चूक झाली की सामना खलास. मधेच सेक्स्टनने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कीथ अर्ल्सकडे आडवी उंच किक टाकली, ती अर्ल्सने हवेत उडी मारून घेतली. शेवटी चेंडू सहकारी मरेकडून सेक्स्टनच्या हातात आला. चाळीस मीटरहून जास्त अंतर. ड्रॉप गोल म्हणजे चेंडू जमिनीवर टाकायचा आणि तो टप्पा घेतानाच मारायचा. तो आडव्या दांडीवरून गेला. १५-१३. त्या वर्षी आयर्लंडने ग्रँड स्लॅम केला, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले आपले सगळे सामने जिंकले, त्याची सुरुवात या किकने झाली.

तेव्हा मी डब्लिनच्या रिंग्सएंड भागात राहत होतो. नोकरीनिमित्त चार वर्षं. तो सामना मी एका पबमध्ये उभ्याने पाहिला. माझ्या शेजारच्या आजोबांनी माझा दंड धरला होता, तो किक दांडीवरून गेल्यावरही त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्धचं तिकीट मिळालं, आयर्लंड १६-९ने जिंकलं तो सामना. तिकडे किकर चेंडू टीवर (छोट्या स्टँडवर) ठेवतो तेव्हा सगळं स्टेडियम गप्प होतं. पन्नास हजार माणसं, आणि मागच्या रांगेतल्या बाईच्या रेनकोटची सळसळ ऐकू येत होती. सेक्स्टन मागे सरला, कमरेत किंचित वाकून उभा राहिला. त्या शांततेत पाऊल उचलायला काय लागतं ते मी तिथे बसून पाहिलं आहे. तुम्ही पाहिलंय का?

रग्बीचा चेंडू मी धरला तो तिथेच, रविवारी बागेत, सहकाऱ्यांबरोबर. तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, मला ठाऊक आहे. (बॉम्बे जिमखान्यावर कित्येक दशकं रग्बी खेळली जाते, त्यामुळे हा खेळ आपला नाही हेही खरं नाही.) पण मी कबड्डी खेळलो आहे, सांगली जिल्ह्यात, गावच्या संघातून, सहा वर्षं. २००१ला तालुक्याच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई माझी होती. एक गुण हवा होता. कोपऱ्यातल्याला हात लावला आणि परत फिरताना माझा घोटा धरला गेला. मध्यरेषा माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. हनुवटीखालची माती आजही आठवते. त्या दिवसानंतर गावातल्या एका माणसाने मला ‘ऐन वेळचा’ असं नाव ठेवलं, आणि माझ्या लग्नातसुद्धा त्याच नावाने हाक मारली. उपांत्य सामना माझ्याच चढाईने जिंकला होता, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो स्वतः कधी पाटीत उतरला नव्हता. म्हणून तुमचं ते वाक्य रात्री साडेअकराला वाचलं आणि मला झोप लागली नाही. तुम्हाला हे अतिरेकी वाटेल, वाटू द्या.

सेक्स्टनला आयर्लंडसाठी ११८ सामने आणि ११०८ गुण मिळवताना किती वेळा त्या शांततेत एकट्याने उभं राहावं लागलं असेल, ते मोजा. ओगाराचा १०८३ गुणांचा विक्रम त्याने त्याच २०२३च्या विश्वचषकात मागे टाकला. न्यूझीलंडकडून हरल्यावर सेक्स्टन मुलाला शेजारी घेऊन मैदानावरून चालत होता. ते दृश्य पाहून तुम्हाला ‘हातपाय गाळणारा’ हे शब्द सुचले असतील तर आपलं जमणार नाही.

बंदीबद्दल: मे २०२३मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल क्लबने लेन्स्टरला २७-२६ हरवलं. जायबंदी असल्याने सेक्स्टन खेळत नव्हता, तरी सामन्यानंतर तो मैदानात जाऊन पंचांवर घसरला. तीन सामन्यांची बंदी झाली, ती योग्यच होती. लेखात हे यायला हवं होतं, आज दुपारी दोन ओळी घातल्या आहेत. ‘महान’ हा शब्द होता तिथेच आहे. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण या वेळी स्वतःच्या नावाने.