हो, मी पिल्लू द्यायला नाही म्हणते

इंदुरात लॅब्राडोरची पिल्लं विकणारी म्हणून इथले बरेच जण मला ओळखतात. ‘फार नखरे करते’ म्हणणारेही त्यातलेच. करते बरं का. समोरचा पैसे घेऊन दारात उभा असताना त्याला नाही म्हणता येत नसेल, तर ब्रीडरनं दुसरा धंदा बघावा.

लोक आल्या आल्या बंगल्याचं वर्णन सुरू करतात. मी विचारते, दुपारी घरी कोण असतं? बंगल्यात दिवसभर गेटपाशी साखळीला राहायचं असेल, तर त्यापेक्षा लोकमान्य नगरातल्या दोन खोल्या बऱ्या, घरात माणूस तरी असतं. पण ‘आजोबा फिरवतील’ एवढ्यावरही भागत नाही. मी पिल्लाची आई बाहेर आणते आणि पट्टा आजोबांच्याच हातात देते. परवा तिला फाटकावर कावळा दिसला. पट्टा धरलेल्या काकांची एक चप्पल ओट्यावर राहिली आणि काका फाटकापाशी पोचले. घरी जाऊन विचार करतो म्हणाले. शहाणा माणूस! सहा महिन्यांनी हेच झालं असतं, आणि तेव्हा कुत्रं ‘वाईट’ ठरलं असतं.

दुसरी भांडणं वयावरून. सगळ्यांना तळहातावर मावणारं, महिन्याभराचं पिल्लू हवं असतं. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि ते उगाच नाही. भावंडांत लोळताना एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ मोडतो. किती जोरात चावायचं, हे तिथे कळतं. आधीच उचलून नेलेलं पिल्लू तो धडा तुमच्या पोरांच्या पोटऱ्यांवर गिरवतं. त्याच नियमांत ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवणं आहे, दीड वर्षाच्या आत मादी लावायची नाही हे आहे, वर्षातून एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच हेही आहे. पाळतं कोण? हे नियम ज्याखाली आले त्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. सराफ्यातल्या खाऊगल्लीत एवढ्यात धड पोट भरत नाही! म्हणून विकत घेणाऱ्यानंच अडून बसावं: आई दाखवा, लसीचं कार्ड दाखवा. ‘आई गावाकडे आहे’ असं उत्तर आलं, की सरळ उठा.

हस्की जातीच्या कुत्र्यासाठीही फोन येतात. मे महिन्यात इथे चाळिशीच्या वर पारा, आणि अंगावर बर्फातली दुहेरी लोकर. ‘एसी लावू ना!’ आणि लाईट गेली की? भिया, तेव्हा तुम्ही गच्चीवर जाऊन झोपाल. तो कुठे जाईल?

रंगपंचमीच्या आठवड्यात राजवाड्याच्या आसपास मी पिल्लू देत नाही. नव्या घरातले पहिले दिवस, आई नाही, आणि खिडकीखालून गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, चाललीय. दिवाळीतही तेच.

सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं, कितीही वर्षांनी, माझ्याकडेच परत आणायचं, हे मी लिहून घेते. यावर काही जणांचा चेहरा पडतो. पडू दे, बायपासवर सोडलेली, गळ्यात पट्टा असलेली कुत्री बघितलीत कधी?

सध्या द्यायला दोन मादी पिल्लं आहेत. ‘फीमेल नको, कटकट असते’ म्हणणाऱ्यांनी फोन करू नये. नसबंदी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात करा नाहीतर तुमच्या डॉक्टरांकडे, पण वेळेवर करणार असाल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन या. शनिवारी चारनंतर.