फ्रान्झ ऑस्टेन हे नाव पुसून टाकू नका

परवा 'शिराझ' पुन्हा पाहिला. 1928 चा मूकपट. नायक शिराझला जमिनीवर बांधून घातलंय आणि हत्तीचा पाय हळूहळू खाली येतोय. संवाद नाही, किंकाळी नाही, तरी पोटात गोळा येतो. हा प्रसंग रचणारा माणूस होता म्युनिकचा, त्याला हिंदी येत नव्हतं.

फ्रान्झ ऑस्टेन. खरं आडनाव ओस्टरमायर, जन्म 1876. भाऊ पीटर म्युनिकमधला मोठा चित्रपट निर्माता. भारतीय निर्माते हिमांशू रॉय जर्मनीत भागीदार शोधत आले आणि 1925 मध्ये ऑस्टेन आपला कॅमेरामन घेऊन भारतात उतरले. 'प्रेम संन्यास', मग 'शिराझ', मग 1929 चा 'प्रपंच पाश'. स्टुडिओतल्या पडद्यांऐवजी खरे महाल, खरे हत्ती, खरं ऊन.

पुढे 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी उभी राहिली आणि ऑस्टेन तिचे मुख्य दिग्दर्शक झाले. तिथल्या लॅबोरेटरीत काम करणारे अशोक कुमार नायक झाले ते त्यांच्याच चित्रपटात. 1936 मध्ये 'अछूत कन्या' आला. रेल्वे फाटकावरच्या दलित गेटमनची मुलगी, ब्राह्मण मुलगा, आणि दोघांच्या मध्ये उभं असलेलं गाव.

आणि त्याच 1936 मध्ये ऑस्टेन नाझी पक्षाचे सदस्य झाले.

मला हे पचत नाही, आणि पचू नये असंच वाटतं. अस्पृश्यतेवरचा चित्रपट करणारा माणूस वंशद्वेषावर उभ्या राहिलेल्या पक्षात जातो कसा? त्यांची बाजू घेऊन सबब शोधायला मी तयार नाही. पण आपण सोपा मार्ग धरतो. कौतुक करणारे पक्षाचं सदस्यत्व गाळतात, बाकीचे 'अछूत कन्या' म्हटलं की देविका राणी आणि अशोक कुमार एवढीच नावं घेतात. दोन्हीकडून इतिहास अर्धाच राहतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहायची हिंमत आपण केली पाहिजे.

1939 मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी ऑस्टेनना नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर ते जर्मनीला परतले, 1956 मध्ये तिथेच वारले. त्यांचे कॅमेरामन योसेफ व्हिर्शिंग यांनाही कैद झाली, पण ते इथेच राहिले. 'महल' आणि 'पाकीजा'मधला तो उजेड आणि अंधार त्यांच्या हातचा आहे. (त्यांच्यावर वेगळं लिहायचंय.)

'शिराझ'ची दुरुस्त केलेली प्रत 2017 मध्ये आली, अनुष्का शंकर यांच्या संगीतासह. मिळाली तर नक्की पाहा, आणि श्रेयनामावली पुढे ढकलू नका.