पुरस्कार द्या, पण पंचवीस पावसाळे जाऊ द्या

वास्तुकलेचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले की इमारतींचे फोटो फिरायला लागतात. संध्याकाळचा उजेड, आतले सगळे दिवे लावलेले, फरशी चकचकीत. एसीचं आउटडोअर युनिट कुठे लटकत नाही, पॅरापेटखाली, म्हणजे गच्चीच्या कठड्याखाली, ओलीचा डाग नाही. कसा असेल? इमारतीने अजून धड दोन पावसाळे बघितलेले नसतात.

अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचं, एआयएचं, उदाहरण घ्या. १९७६ साली त्यांनी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीना या बंदिस्त क्रीडागृहाला मानाचा पुरस्कार दिला. इमारत दोन वर्षांची. आत एकही खांब नाही, सगळं छत बाहेरच्या तीन अवाढव्य पोलादी ट्रसना, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांना, टांगलेलं. दिसायला लाजवाब! ४ जून १९७९ च्या संध्याकाळी वादळी पाऊस आला आणि छताचा मधला मोठा भाग खाली आला. आत कार्यक्रम नव्हता म्हणून जीवितहानी टळली.

कारण अगदी साधं होतं. शहराच्या गटारांवर एकदम लोंढा जाऊ नये म्हणून छतावरच्या पाण्याचा निचरा मुद्दाम मंद ठेवला होता. पाणी साचलं की सपाट छत जरा झोळतं, झोळलं की आणखी पाणी तिथेच धावतं, म्हणजे आणखी झोळ. त्यात छत टांगणारे हाय-स्ट्रेंग्थ बोल्ट वर्षानुवर्षं वाऱ्याच्या हेलकाव्यांनी थकलेले. एक टांगणी सुटली, तिचा भार शेजारणीवर गेला आणि मग पुढच्या सुटत गेल्या.

आपल्याकडे हे सांगायची खरं तर गरज नसावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. वापरात असलेल्या सपाट गच्चीला आपल्या आयएस कोडप्रमाणे, म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे, साधारण दीडशे किलो चौरस मीटरमागे चल भार (माणसं, सामान असा बदलता भार) धरतात. गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा आणि एक प्लास्टिकची पिशवी अडकली आणि वीतभरापेक्षा कमी पाणी तुंबलं, की तो सगळा हिशोब पाण्यातच संपतो. म्हणून ढाळ शंभराला एक तरी हवा, एका भागाला दोन पाइप हवेत आणि दोन्ही तुंबले तर पाणी बाहेर पडायला पॅरापेटमध्ये वरच्या पातळीवर एक भोक हवं. आता पुरस्काराच्या प्रवेशिकेत गच्चीच्या ढाळाचा नकाशा कुणी मागितल्याचं ऐकलंय?

एआयएचाच दुसरा एक पुरस्कार मात्र मला मनापासून पटतो: ‘ट्वेंटी-फाइव्ह इयर अवॉर्ड’. इमारत २५ ते ३५ वर्षांची हवी, मूळ रूपात बऱ्यापैकी शाबूत हवी आणि नीट चालती हवी. पहिला १९६९ मध्ये रॉकफेलर सेंटरला मिळाला. २०१८ मध्ये तर ज्युरीने हा पुरस्कार कुणालाच दिला नाही. हात आखडता घ्यायचं हे धैर्य आपल्या समारंभांत मी तरी शोधतोय.

२०११ चा मानकरी होता बॉस्टनचा जॉन हॅनकॉक टॉवर. ६० मजले, सगळीकडून काच. बांधकाम चालू असतानाच १९७३ पासून काचा गळायला लागल्या. एकेक तावदान सुमारे सव्वादोनशे किलोचं. रिकाम्या चौकटींत प्लायवुड ठोकलं, तर लोक इमारतीला ‘प्लायवुड पॅलेस’ म्हणायला लागले. दोष निघाला दुहेरी काचेच्या जोडात. दोन काचांमधली शिशाची पट्टी काचेला इतकी घट्ट झाळलेली की वाऱ्याने आणि तापमानाने होणारी हालचाल जोडात जिरेना. ती थेट काचेवर यायची आणि काठाला चीर जायची. सगळी १०,३४४ तावदानं बदलून एकेरी, उष्णतेने कडक केलेली काच बसवली. वरचे मजले डोलायचे म्हणून ५८व्या मजल्यावर तीन-तीनशे टनांची दोन सरकती वजनं ठेवली. अरुंद बाजूवर इमारत कलंडण्याचीही शक्यता तपासणीत निघाली, तेव्हा गाभ्यात सुमारे १,५०० टन तिरपं पोलाद घातलं. या टॉवरला एआयएचा नेहमीचा पुरस्कार १९७७ मध्येच मिळाला होता, पण मला वजन २०११ च्या पुरस्काराचं वाटतं. दुरुस्त्या पोटात घालून ३५ वर्षं उभी राहिलेली इमारत होती ती.

या पंचवीस वर्षांच्या पुरस्काराची एकच अट मला खटकते, ‘मूळ रूपात शाबूत’. तिचा फायदा देखभालीला पैसा असलेल्या मालकांना. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची नवी मुंबईत सीबीडी बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत बघा, १९८० च्या दशकातली. ४५ ते ७५ चौरस मीटरचे प्लॉट, साधारण आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात-सात घरं, आणि दोन शेजाऱ्यांत सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही. कुणी मजले चढवले, कुणी जुनं पाडून नवं बांधलं. मूळ घर तिथे आता शोधावं लागतं, अंगणं मात्र आहेत. एआयएच्या अटीत ही वसाहत पहिल्याच चाळणीत गळेल, आणि ती तर वाढण्यासाठीच आखलेली! आपल्याकडे असा पुरस्कार काढायचा तर फॉर्मात एक रकाना जास्त ठेवा: राहणाऱ्यांनी काय काय बदललं, आणि ते करताना शेजाऱ्याची परवानगी लागली का.