"समन्स घेऊच नका" म्हणणाऱ्या मेसेजला एका निवृत्त बेलिफाचं उत्तर

परवा भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, हे खरंय का?' मेसेज जुनाच. आमच्या गावच्या तीन ग्रुपांवर येऊन गेलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : कर्जाला तीन वर्षं झाली की ते मुदतबाह्य होतं, मग कुणी वसूल करू शकत नाही. कोर्टाचं समन्स घेऊ नका, घेतलं नाही तर केस चालतच नाही. निकाल विरुद्ध लागला तरी तीन वर्षं दम धरा, तोही बाद होतो. पगाराला आणि घरातल्या सामानाला हात लावता येत नाही. घर बायकोच्या नावावर करा. वसुलीवाला फारच मागे लागला तर दोन-चार हजार त्याच्या हातावर टेकवा. कर्जासाठी जेल होत नाही, घाबरू नका. आणि शेवटी नेहमीचं, 'गरजूंपर्यंत पोचवा'.

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. समन्स बजावायचं, जप्ती करायची, लिलावाची दवंडी द्यायची, यातच नोकरी गेली. मी वकील नाही. पण या मेसेजच्या भरवशावर बसलेल्या माणसांची दारं मी वाजवली आहेत, म्हणून लिहितो.

समन्सपासूनच सुरू करतो, कारण ते माझं खातं.

समन्स घेतलं नाही म्हणजे ते बजावलं गेलं नाही, हा समज कुठून आला कोण जाणे. बेलिफ दारात येतो तेव्हा तुम्ही घरी नसाल तर घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसाकडे, बाई असो की पुरुष, तो समन्स देऊ शकतो. (घरगड्याकडे दिलेलं चालत नाही, तो कुटुंबातला धरत नाहीत.) कुणी सही द्यायला तयार नसेल तर प्रत बाहेरच्या दारावर डकवायची, घर कुणी दाखवलं त्याचं नाव लिहायचं आणि तसा अहवाल कोर्टात द्यायचा. पोस्टाने आलेलं रजिस्टर पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत गेलं, तर कोर्ट समन्स बजावलं गेल्याचं जाहीर करतं. माणूस मुद्दाम टाळतोय असं वाटलं तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स येतं. तेही तुम्ही वाचलंच पाहिजे असं नाही. छापून आलं की झालं. 2018 मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका दरखास्तीत (दरखास्त म्हणजे झालेल्या निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं. नोटीस पोचली होती आणि उघडली गेली होती, एवढं दिसत होतं. म्हणजे ज्या खिडकीतून हा सल्ला आला त्याच खिडकीतून समन्सही येऊ शकतं.

पण खरा घोटाळा पुढे आहे. समन्स बजावलं गेलं आणि तुम्ही हजर झाला नाहीत की दावा एकतर्फी चालतो. असा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्यातला कोर्टाचा निकाल, रद्द करून घ्यायची वाट कायद्यात आहे. अर्जाला मुदत 30 दिवस. समन्स रीतसर मिळालंच नसेल तर हे 30 दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात, आणि उशिराला सबळ कारण असेल तर तो माफही होतो. ज्याला खरोखरच काही कळलं नव्हतं, पत्ता जुना होता, भाडेकरूने पाकीट घेऊन फेकून दिलं, अशा माणसासाठी ही वाट आहे. तिच्यावर तो चालू लागला की कोर्ट आधी माझा अहवाल काढतं. त्यावर 'इसमाने समन्स घेण्यास नकार दिला' असं लिहिलेलं असेल तर पुढे काय बोलणार? कायद्यात तर स्पष्टच आहे की तारखेची माहिती असलेल्याला बजावणीतल्या बारीकसारीक चुकांचा फायदा मिळत नाही. मेसेज ज्याला पळवाट म्हणतो ती परतीची वाट बंद करते.

आता तीन वर्षांचं. ही गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती जास्त माणसं बुडवते.

1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या, विनातारण कर्जाच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या गहाणावर वसुली करायला 12 वर्षं. मेसेज हा फरक सांगत नाही. शिवाय ही 3 वर्षं मध्येच नव्याने सुरू होऊ शकतात. मुदत संपायच्या आत तुम्ही थकबाकी मान्य केल्याच्या कागदावर सही केली की त्या दिवसापासून पुन्हा 3 वर्षं. बँकेचा माणूस मार्चअखेरीला 'फक्त शिल्लक कबूल केल्याची सही हवी' म्हणतो ती हीच सही. मुदतीत काही रक्कम भरली आणि भरल्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद असेल, उदाहरणार्थ तुम्ही सही केलेली पैसे भरायची स्लिप, तरी तेच.

त्यात कोविड. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. समजा एखादी रक्कम 10 जून 2018 ला देय होती. मेसेजच्या हिशेबाने मामला जून 2021 मध्ये संपला. प्रत्यक्षात 15 मार्च 2020 ला जेवढे दिवस शिल्लक होते ते 1 मार्च 2022 पासून पुढे मोजायचे, म्हणजे दावा मे 2023 च्या अखेरीपर्यंत लावता येत होता. या दोन वर्षांच्या फटीत पुष्कळ दावे दाखल झाले आणि पुष्कळ प्रतिवादी 'आमचं तर मुदतबाह्य' म्हणत घरी बसले.

आणि मुदत खरोखरच गेली असेल तरी कर्ज फिटत नाही, दाव्याची वाट तेवढी बंद होते. त्यानंतरही तुम्ही 'देतो' असं लिहून सही केलीत तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तो नवा, बंधनकारक करार होतो. म्हणून जुन्या कर्जाचा माणूस 'साहेब, नुसतं एक पत्र द्या' म्हणाला की हात आखडता घ्यावा.

मुदतबाह्य दावा कोर्टाने आपणहूनही फेटाळायचा असतो, हे खरं आहे. पण कोर्टापुढे असतात वादीने लावलेले कागद. त्यातल्या कबुलीपत्रावरची सही तुमची नाही, त्यावरची तारीख मागाहून घातली आहे, व्याज कराराबाहेरचं आहे, हे सांगणार कोण? कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायला समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, कोर्ट ते 90 पर्यंत वाढवू शकतं. वाद असलेल्या कर्जात सगळा खेळ त्या कैफियतीत आहे. एकदा हुकूमनामा झाला की दरखास्त चालवणारं कोर्ट तो बरोबर की चूक हे पुन्हा तपासत नाही. मी जप्तीला गेल्यावर लोक मला सांगायचे, 'अहो, हे कर्ज मी घेतलंच नव्हतं.' खरंही असेल. पण हातात वॉरंट घेऊन दारात उभ्या असलेल्या बेलिफाला सांगून त्याचा काय उपयोग?

विनापरवाना सावकाराच्या बाबतीत हे आणखी जाणवतं. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे कर्ज देताना ज्याच्याकडे परवाना नव्हता त्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही. एवढा भक्कम बचाव. पण तो सावकारी करतो हे कोर्टात कुणीतरी सांगायला हवं. हातउसने दिले म्हणून दावा लावला आणि समोर कुणी नाही, तर ते हातउसनेच ठरतात.

हुकूमनामा तीन वर्षांत बाद होतो म्हणे. नाही. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त 12 वर्षांपर्यंत लावता येते. एक दरखास्त निकामी झाली तर त्या मुदतीत दुसरी लावता येते. नुसतं थांबणं फुकटही नसतं. हुकूमनाम्यानंतर मुद्दलावर कोर्ट बहुधा 6 टक्क्यांपर्यंत व्याज देतं, व्यापारी कर्जात जास्तही. दोन लाख मुद्दलावर 6 टक्क्यांनी वर्षाला 12,000 होतात, बारा वर्षांचे 1,44,000.

पगाराबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही. जप्तीत धरायचा पगार 40,000 असेल तर 13,000 जाऊ शकतात. पण मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट खरोखर कामाची आहे. एकाच हुकूमनाम्यासाठी पगाराची जप्ती एकूण 24 महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. नियोक्त्याच्या हिशेब खात्यात हे नेहमी लक्षात राहतंच असं नाही, तेव्हा महिने आपणच मोजावेत. भविष्य निर्वाह निधी आणि सरकारी पेन्शन जप्त होत नाही.

घरात शिरल्यावर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, शेतीला लागणारे बैल आणि बियाणं याला मी कधी हात लावला नाही, लावताच येत नाही. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरताही येत नाही. पण टीव्ही, फ्रिज, मोटरसायकल या यादीत नाहीत. दाराबाहेर उभ्या असलेल्या बुलेटकडे बघत 'सामानाला हात लावता येत नाही' म्हणणारे मला दोघे तरी भेटलेत.

बायकोच्या नावावर घर करायचं, यावर फार लिहीत नाही. धनकोंना चकवण्यासाठी केलेलं हस्तांतर त्यांच्या सांगण्यावरून रद्द होऊ शकतं, आणि जप्तीनंतर केलेलं खाजगी हस्तांतर त्या जप्तीपुढे टिकतच नाही. वर मुद्रांक शुल्क गेलं ते गेलंच.

दोन-चार हजार हातावर टेकवायचा सल्ला मात्र मला सगळ्यात वाईट वाटतो. दाव्याआधी दिलेत तर मुदत नव्याने सुरू व्हायचा धोका. हुकूमनाम्यानंतर दिलेत तर आणखीच पंचाईत, कारण कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली गेली नाही तर दरखास्तीत ती जमा धरत नाहीत. ती नोंदवायला हुकूमनामाधारकाने अर्ज द्यावा, नाहीतर तुम्ही 30 दिवसांत द्यावा. खिशात पावती असूनही पूर्ण रकमेची जप्ती झालेली मी पाहिली आहे. तडजोड करायची तर लोकअदालतीत करा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. वसुलीवाला घरी येऊन धमकावत असेल तर त्याची तक्रार करा. रिझर्व्ह बँकेने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली आहे. पण त्याला पैसे देऊन गप्प करू नका.

जेलचं बरंचसं खरं. नुसता पैसा नाही म्हणून कुणाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितलं आहे. ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याला मात्र तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. पण चेक वटला नाही तर ती फौजदारी केस असते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिथे 'दिवाणी आहे' म्हणून भागत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर यातलं बरंच लागूच नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. 'कोर्टाचं काही आलं नाही' म्हणून निश्चिंत राहणारे इथे हमखास फसतात. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर आधी वसुलीच्या रकमेचे 50 टक्के भरावे लागतात. म्हणजे जे काही बोलायचं ते दाखला निघायच्या आधी, निबंधकासमोर बोलावं.

एवढं सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, मी तर फक्त मित्राच्या कर्जाला जामीनदार आहे."

म्हटलं, जामीनदार आणि कर्जदार यांची जबाबदारी कायद्यात सारखीच. बँक आधी तुझ्याकडे येऊ शकते. तू भरलेस तर मित्राकडून वसूल करायचा हक्क तुला मिळतो, पण ते नंतर. समन्सचं काय झालं?

"पोस्टमन आला होता. मी घेतलं नाही. मेसेजमध्ये तसंच होतं ना."

त्याच्या नावाने ई-कोर्टवर, म्हणजे कोर्टाच्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, शोधलं. दावा सापडला. पुढची तारीख बारा दिवसांवर आहे, एकतर्फीचा हुकूम अजून झालेला नाही. मित्राने मधल्या काळात बरीच रक्कम भरली आहे आणि ती दाव्यात धरलेली नाही असं भाचा म्हणतो. उद्या वकीलपत्र दाखल करायचं ठरलंय. भरलेल्या पैशांच्या पावत्या मित्राच्या बायकोकडे आहेत म्हणे. आज संध्याकाळी आम्ही दोघं तिकडेच चाललोय.